दारात उभं राहून ‘होडी’

रविवार, पहिला दिवस

टांझानियातलं दार-ए-सलाम आपल्यापेक्षा अडीच तास मागे. विमान उतरायच्या आधीच मी मनगटावरचं घड्याळ मागे करून ठेवलं आणि शेजारी बसलेल्या बाईंनाही करायला लावलं. बत्तीस वर्षं शाळेच्या घंटेवर काढल्यावर ही खोड जात नाही. वेळेच्या बाबतीत आपण अगदी पक्क्या, अशा समजुतीत मी या शहरात उतरले. त्या समजुतीचं काय झालं ते उद्याच्या नोंदीत.

चार आठवड्यांसाठी आलेय. मागोमेनी नावाच्या जुन्या वस्तीत एक दोन खोल्यांचं वाचनालय आहे. शाळा सुटल्यावर तिथे मुलं येतात, त्यांना गणित शिकवायचं. पर्यटक व्हिसावर इथे बिनपगारी कामसुद्धा चालत नाही, वेगळा परवाना लागतो. ते कागद जमवण्यात दोन महिने गेले आणि मधल्या संस्थेने प्रत्येक कागदामागे हात पुढे केला तो वेगळाच.

न्यायला वाचनालयातली शिक्षिका आली होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, डोक्याला घट्ट रुमाल, हातात माझ्या नावाचा पुठ्ठा. नावात एक अक्षर जास्त होतं. तिला सगळे ‘म्वालिमू’ म्हणतात. गुरुजी आणि बाई, दोघांना हा एकच शब्द. या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे मुळात शाळामास्तर, त्यांना अजूनही लोक नुसतं ‘म्वालिमू’ म्हणतात. मी उतरले तो विमानतळ त्यांच्याच नावाचा.

बाहेर आल्यावर तिने हाक मारली, “बाजाजी!” आणि समोर रिक्षा येऊन उभी राहिली. रिक्षा कुठल्याही कंपनीची असो, इथे ती बाजाजीच. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो, तसंच. रस्त्याकडेला गुलमोहर पेटायला लागले होते. नोव्हेंबरात! विषुववृत्ताच्या खाली त्याचं वेळापत्रक उलटं, नाताळाच्या सुमारास तो भरात येतो, म्हणून झाडाचं नावच ‘म्क्रिस्मासी’.

घर म्हणजे जुन्या पद्धतीचं बैठं घर. मधून लांब बोळ, दोन्ही अंगांना तीन-तीन खोल्या, मागे अंगण, पुढे ओटा. ओट्याला ‘बाराझा’ म्हणतात आणि संध्याकाळी अर्धी गल्ली तिथेच असते. एका खोलीत मी, बाकीच्यांत घरमालकीण, तिचं कुटुंब आणि दोन भाडेकरू. घरमालकीण साठीच्या पुढची, आवाज खणखणीत. म्वालिमूने ओळख करून दिली, “या आपल्या मामा.”

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असणार. इथल्या स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई. काका म्हणजे मोठा भाऊ. आणि दादा म्हणजे मोठी बहीण! रात्री मच्छरदाणीत पडल्यापडल्या मी हे तीनदा घोकलं. बाहेर कोणीतरी “दादा, दादा” करून बोलावत होतं आणि बारीक आवाजातली एक पोरगी “आले” म्हणत होती.

सोमवार, दुसरा दिवस

काल निरोप घेताना म्वालिमू म्हणाली होती, “केशो, सा तातू.” केशो म्हणजे उद्या. मोजा, म्बिली, तातू म्हणजे एक, दोन, तीन, हे मी घरूनच पाठ करून आले होते. उद्या तीन वाजता. शाळा सुटल्यावरची वेळ, बरोबरच आहे म्हटलं. सकाळी सावकाश उठले, कपडे धुतले, कोपऱ्यावर एक बाई तांदळाच्या पिठाचे गोड आप्पे घालत होती ते खाल्ले. आप्पेच ते. बिडाचं खळग्यांचं पात्र, काडीने उलटायची तीच लकब, पिठात नारळाचं दूध आणि वेलची. नाव ‘विटुंबुआ’. दुपारी पावणेतीनला, पंधरा मिनिटं आधी, वाचनालयाच्या दारात हजर झाले.

मंडळी सकाळी नऊपासून माझी वाट बघत होती. चार आया मला भेटायला म्हणून कामं टाकून आल्या होत्या. चहा झाला होता, संपला होता, आया परत गेल्या होत्या.

इथे दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, दिवसाचा पहिला तास. नऊ म्हणजे ‘सा तातू’. दुपारी बाराला सहा, संध्याकाळी सहाला बारा, की पुन्हा रात्रीचा पहिला तास. विषुववृत्ताच्या जेमतेम सात अंश खाली हे शहर, इथे बाराही महिने सूर्य सहा-साडेसहाच्या आगेमागेच उगवतो. मग मोजणी तिथूनच करायची यात वावगं काय? आपले प्रहर आणि घटका तरी कुठून मोजायचे! हे सगळं सुचलं ते नंतर. तेव्हा नुसती कानकोंडी होऊन उभी होते.

म्वालिमू म्हणाली, “पोले.” कोणाला लागलं, कोणी दमलं, कोणाचं काही चुकलं की म्हणायचा हा शब्द. वाट बघितली तिने आणि वर ‘बिचारी तू’ हेही तीच म्हणतेय.

मंगळवार, तिसरा दिवस

नऊला पोचले. आपल्या नऊला.

दारात वीसेक मुलं होती. एकेक पुढे येऊन मान किंचित लववून म्हणे, “शिकामो.” मीही हात जोडून म्हटलं, “शिकामो.” मुलं खो खो हसायला लागली. एक तर जमिनीवर बसलाच. शिकामो हे धाकट्याने थोरल्याला म्हणायचं, आणि त्याचा मूळ अर्थ ‘तुमचे पाय धरतो’ असा सांगतात. म्हणजे मी आठ वर्षांच्या वीस पोरांच्या पाया पडत होते. थोरल्याने उत्तर द्यायचं, “माराहाबा.” दुपारपर्यंत मी इतक्या वेळा माराहाबा म्हटलं की जिभेला वळण पडलं. बाकी ‘हाबारी’ म्हणजे खबर, ‘किताबू’ म्हणजे किताब, ‘तायारी’ म्हणजे तयार, ‘साबुनी’ म्हणजे साबण. अरबीने दोन्हीकडे सारखंच वाटप केलेलं दिसतं.

शिकवायचं मात्र काही नव्हतं. म्वालिमूने मला वही दाखवली. येऊन गेलेल्या स्वयंसेवकांची नावं, देश, तारखा. माझ्या आधी अकरा. कोणी दोन आठवडे, कोणी सहा. ती अगदी सौम्यपणे म्हणाली, “यातल्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी मुलांना इंग्रजी वर्णमाला शिकवली.” मग थोडं थांबून, “मुलांना ती येते.”

माझ्या पिशवीत अंकांची रंगीत कार्डं होती, एक ते शंभर. मी पिशवीची चेन लावून टाकली.

“या आठवड्यात नुसतं बघा,” ती म्हणाली आणि फाटक्या पुस्तकांचा ढीग माझ्यापुढे ठेवला. दिवसभर खाकी कागद कापून कव्हरं घातली. बत्तीस वर्षांत हे काम मी दुसऱ्यांकडून करून घेत आले होते. कोपरे नीट बसायला अकरावं पुस्तक उजाडावं लागलं.

दुपारी चहाला म्हणून शेजारच्या घरी गेलो. दार सताड उघडं, आत माणसं दिसतायत, तरी म्वालिमू उंबऱ्याबाहेर थांबली आणि म्हणाली, “होडी!” मी नकळत मागे वळून पाहिलं. होडी कुठली? आतून उत्तर आलं, “कारिबू”, मग ती आत शिरली. दार उघडं असो की बंद, होडी म्हणायचं आणि थांबायचं. उत्तर नाही आलं तर पुन्हा म्हणायचं. तिसऱ्यांदाही कोणी बोललं नाही तर मुकाट्याने परत फिरायचं.

गुरुवार, पाचवा दिवस

घरातली वीज संपली. गेली नव्हे, संपली. इथे विजेचे पैसे आधी भरतात. मोबाइलवर वीस आकडी क्रमांक येतो, तो मीटरवर दाबायचा. मामांनी चष्मा सापडेना म्हणून ते काम गणिताच्या बाईंवर सोपवलं. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा मामांच्या नातवाने आकडे मोठ्याने वाचले, मी दाबले, आणि बोळातले सगळे दिवे लागले. टाळ्या त्याला मिळाल्या.

शनिवार, सातवा दिवस

आज सुट्टी. अंगणात मामा स्वयंपाकाला बसल्या होत्या. मी मोडा घेऊन शेजारी बसले, मदत करू का विचारलं. सहा दिवस ‘नको, तुम्ही बसा’ हेच उत्तर मिळालं होतं. आज त्या हसल्या आणि एक म्हण म्हणाल्या. नातवाने इंग्रजीत समजावली. पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. सातव्या दिवशी का होईना, मला कुदळ मिळाली. तिचं नाव ‘म्बुझी’, म्हणजे बकरी.

ही बकरी लाकडाची. घडीचा बुटका पाट, त्याच्या पुढच्या टोकातून लोखंडाची चपटी जीभ बाहेर आलेली, जिभेच्या गोल टोकाला करवतीसारखे दाते. आपली खवणीच, फक्त विळीशिवायची. मी सवयीप्रमाणे एक पाय दुमडून, दुसरा गुडघा वर करून तिच्यावर आडवी बसले. मामांनी तोंडावर पदर, म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेल्या सुती कापडाचं, खांग्याचं, टोक दाबलं. बकरीवर अशी बसतात होय? सरळ, दोन्हीकडे पाय टाकून, स्वार झाल्यासारखं. बसले स्वार होऊन. नारळाची कवड दोन्ही हातांत धरून दात्यांवर फिरवायची, खाली परात. मला येतं, असं वाटत होतं. मामांनी दोन मिनिटं बघितलं, कवड माझ्या हातातून काढून घेतली आणि तिची कड दाखवली. मी पार करवंटीपर्यंत गेले होते आणि तपकिरी साल पांढऱ्या किसात उतरली होती. अशाने दूध काळपट येतं. कवड सारखी फिरती ठेवायची, एका जागी जोर द्यायचा नाही. शेवटचा पातळ थर सोडून द्यायचा, तो कोंबड्यांचा.

चार नारळ खवले. मग त्या किसात जरासं पाणी घालून तो ‘किफुंबू’त भरला. विणलेल्या पातीची लांबट पिशवी असते ही. तिची दोन टोकं धरून ओलं धुणं पिळावं तशी पिळायची. पहिलं दूध दाट, सायीसारखं, ते वेगळं झाकून ठेवलं. पुन्हा पाणी घालून पिळलं ते दुसरं, पातळ. त्यात घेवडा शिजत टाकला, आणि दाट दूध अगदी शेवटी, आच काढल्यावर, म्हणजे फुटत नाही. बरोबर माठाची भाजी, ती ‘म्चिचा’. भेंडी ‘बामिया’. कांदा-टोमॅटो चिरून कालवलेलं ते ‘काचुंबारी’, त्याचं भाषांतर मला कोणी करून द्यायची गरज पडली नाही.

संध्याकाळी दंड भरून आले होते. बाराझावर बसले तर समोरच्या बाईने विचारलं, “मामांनी तुला बकरी दिली म्हणे?” गल्लीत बातमी आधीच पोचली होती.

रविवार, आठवा दिवस

झोपले. पहाटेची अजान ऐकली, पुन्हा झोपले.

मंगळवार, दहावा दिवस

आज काहीतरी सापडलं.

इथे प्राथमिक शाळा सातवीपर्यंत स्वाहिलीत चालते. सातवीची परीक्षा झाली की माध्यमिकमध्ये, ‘फॉर्म वन’मध्ये, सगळे विषय एकदम इंग्रजीत. एक फॉर्म वनची मुलगी वाचनालयाच्या कोपऱ्यात रोज येऊन बसते, पांढरा हिजाब, वहीला टोक नसलेली पेन्सिल अडकवलेली. आज मी तिच्यासमोर बसले. वहीत गणित होतं, १२ आणि १८ चा एलसीएम काढा. तिच्या हातून काही होत नव्हतं. मी इंग्रजीत समजावलं, ती मान हलवत राहिली. या मान हलवण्याचा अर्थ मला बत्तीस वर्षांच्या नोकरीतून ठाऊक आहे.

म्वालिमूला हाक मारली. तिने वहीकडे नजर टाकली आणि म्हणाली, “केडीएस.”

मुलीने उभी रेघ मारली, डावीकडे दोन लिहिला, सहा आणि नऊ, पुन्हा दोन, तीन आणि नऊ, मग तीन, तीन. छत्तीस. पाव मिनिट लागलं नसेल.

केडीएस म्हणजे ‘किगावे किडोगो चा शिरिका’. किडोगो म्हणजे लहान, शिरिका म्हणजे सामाईक. लघुतम साधारण विभाज्य! आणि दुसरा तो केकेएस. लसावि आणि मसावि! मी त्या मुलीच्या वहीत कोपऱ्यात देवनागरीत ‘लसावि’ लिहिलं, का ते मलाच माहीत नाही.

मी मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकले आणि अकरावीला विज्ञान शाखेत गेले तेव्हा पहिले दोन महिने मला वाटत होतं की ‘हेन्स’ हे कोणा गणितज्ञाचं नाव आहे. प्रत्येक सिद्धतेच्या शेवटी येतो म्हणजे मोठाच माणूस असणार. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आज म्वालिमूला सांगितलं. ती इतकी हसली की तिला बाहेर जावं लागलं. परत आल्यावर म्हणाली, “माझा ‘गिव्हन दॅट’ होता.”

मग दोघी बसलो. मुलांच्या वह्या घेऊन नेमकं काय अडतं ते बघितलं. माझा अंदाज होता की आकृत्यांची नावं अडत असतील. त्रिकोण म्हणजे ‘पेंबेतातू’, तीन कोन. ते इंग्रजीत मुलांनी केव्हाच पाठ केलं होतं. अडत होती क्रियापदं आणि किरकोळ शब्द. सिम्प्लिफाय, शो दॅट, हेन्स, अॅट लीस्ट, ईच. उदाहरणाचं गणित त्यांना येतं, त्याच्या पहिल्या वाक्याशी गाडी थांबते.

ठरलं, तक्ता करायचा. स्वाहिली एका बाजूला, इंग्रजी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये शब्दांऐवजी एक सोडवलेलं उदाहरण.

शनिवार, चौदावा दिवस

तक्त्याचा कागद आणायला कारियाकूला गेलो. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या हमालांची पलटण, कॅरिअर कोअर, इथे तळ देऊन होती, त्याचं बोलता बोलता कारियाकू झालं. बाजाराची १९७५ची मोठी इमारत २०२१ मध्ये आगीत सापडली. तिच्या भोवतीच्या गल्ल्या मात्र अशा भरलेल्या की आपण चालत नाही, वाहतो. २०२२च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे ५४ लाख भरली. त्यातले निम्मे शनिवारी इथे येत असावेत असा माझा बिनशास्त्रीय अंदाज आहे. शहराला लाडाने ‘बोंगो’ म्हणतात. बोंगो म्हणजे मेंदू. इथे टिकायचं तर डोकं हवं, असा त्याचा खुलासा. माझी पर्स म्वालिमूने आपल्या खांद्याला लावली होती, यावरून माझ्या डोक्याबद्दलचं तिचं मत समजलं.

कागद घेतला, मार्कर घेतले, मग खांगा बघायला उहुरू रस्त्यावर. खांगा म्हणजे रुंद किनारीचं सुती कापड, जोडीने विकतात, जोडीला ‘डोटी’. दोन्ही तुकडे अखंड येतात, कापून दुमड घालून घ्यायचे. किनारीच्या आत खालच्या बाजूला एक ओळ छापलेली असते, म्हण किंवा टोमणा. मी लाल-काळा एक उचलला. म्वालिमूने ओळ वाचली आणि माझ्या हातून काढून घेतला. “हा नेसून बाराझावर बसलात तर समोरची बाई उद्यापासून बोलणार नाही.” शेजारणीला तोंडावर सांगता येत नाही ते इथे कंबरेला गुंडाळतात. शेवटी तिनेच निवडून दिला, ‘हाराका हाराका हाइना बाराका’. घाईत बरकत नाही. मला कोणावर टोमणा मारायचा नव्हता, पण हा माझ्यावरच बसला.

परतीला डालाडाला पकडली. खाजगी छोटी बस, पुढे मार्गाची पाटी, दाराला लटकलेला कंडक्टर. पाऊस सुरू झाला होता. नोव्हेंबरातल्या या पावसाला ‘वुली’ म्हणतात, थोडका पाऊस. थोडक्याने अर्ध्या तासात रस्ता दिसेनासा केला. कारियाकू आणि मागोमेनीच्या मध्ये म्सिंबाझी नदीचा सखल पट्टा आहे. नदीला पाणी आलं की तिथला रस्ता बंद. त्या जागेचं नाव काय, तर जांग्वानी. म्हणजे वाळवंटात! बसमध्ये सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि तरी सगळे हसत होते.

बस सॅलँडर पुलावरून किनोंडोनीमार्गे फिरवली. एरवी पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता, आम्हाला अडीच तास लागले. कंडक्टरने मला आधी “दादा, आत सरका” म्हटलं, दिव्याच्या उजेडात पांढरे केस दिसल्यावर “मामा, बसा.” बढती मिळाली आणि जागाही. तक्त्याचे कागद गुंडाळी करून मी नव्या खांग्यात लपेटून छातीशी धरले होते. मी भिजले, कागद कोरडे. उतरताना अख्ख्या बसने “पोले, पोले” म्हणून निरोप दिला.

बुधवार, अठरावा दिवस

तक्ता लागला. अठ्ठावन्न शब्द. तीन ठिकाणी म्वालिमूचं आणि माझं भांडण झालं, त्यातल्या दोन ठिकाणी ती बरोबर होती. ‘सिम्प्लिफाय’ला ‘राहिसिशा’, सोपं कर. त्यावर मुलांचं म्हणणं, मग गणित आधीच सोपं करून का देत नाहीत?

आज घड्याळ घेतलं. पुठ्ठ्याची तबकडी, टाचणीवर फिरणारे काटे. माध्यमिकमध्ये गेल्यावर इंग्रजी वेळ लागणार, तेव्हा दोन्ही यायला हवं. मी काटा नवावर ठेवला. सगळी मुलं ओरडली, “सा तातू!” मी म्हटलं, इंग्रजीत याला नऊ म्हणायचं. शांतता. मग नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा पुढे आला, त्याने एक बोट काट्याच्या टोकावर आणि दुसरं बरोबर समोरच्या आकड्यावर ठेवलं. नवाच्या समोर तीन. “इकडचं इंग्रजी, इकडचं आपलं.” एवढंच. मी सहा वजा करा, सात वाजायच्या आत असेल तर सहा मिळवा, असे नियम फळ्यावर लिहून आणले होते, ते पुसून टाकले.

तोच मुलगा मग म्हणाला, “इंग्रजांचा दिवस रात्री बाराला का सुरू होतो? तेव्हा तर सगळे झोपलेले असतात.”

मी म्हटलं, उद्या सांगते. त्या उद्याला आता बरेच दिवस झाले.

रविवार, बावीसावा दिवस

किवुकोनीहून फेरीबोटीने खाडीपलीकडे किगांबोनीला जाऊन आले. पाच-सात मिनिटांचा प्रवास. सायकली, कोंबड्या, खाटेचा सांगाडा, लग्नाला निघालेलं वऱ्हाड. पलीकडे पोचून अननस खाल्ला आणि त्याच बोटीने परत. अननसाला ‘नानासी’ म्हणतात. एकटीने गेले, एकटीने आले, कोणाचीही पर्स सांभाळायची मदत न घेता. हे मामांना दोनदा सांगितलं.

गुरुवार, सव्वीसावा दिवस

पुढच्या महिन्यात येणारी स्वयंसेवक ठरली आहे. म्वालिमूने मला तिला चार ओळी लिहायला सांगितल्या. कागद घेऊन बसले तर सुचेना. मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, हे लिहिलं. माझ्यासमोर एका पाहुण्याने ते केलं होतं आणि एक मुलगी दप्तराआड तोंड लपवून बसली होती. चार आठवडे हे फार थोडे आहेत, हेही लिहिलं आणि खोडलं, कारण मग मी का आले? तक्ता म्वालिमू एकटीनेही करू शकली असती. तिला वेळ नव्हता, इतकंच. दुपारभर पुस्तकांना कव्हर घालणारं, नोंदवही लिहिणारं, धाकट्यांना गप्प बसवणारं कोणी असलं की तिला तो मिळतो. शेवटी लिहिलं, वर्णमाला मुलांना येते. पहिल्या दिवशी सा तातू म्हटलं तर सकाळी नऊला जा.

संध्याकाळी त्या फॉर्म वनच्या मुलीने तक्त्यात खालच्या मोकळ्या जागी एकोणसाठावा शब्द लिहिला. ‘व्हेअरअॅज’. कुठून आणला कोण जाणे. मधल्या रकान्यात उदाहरण घालायला तिने मला सांगितलं. मला अर्धा तास लागला.

शुक्रवार, सत्तावीसावा दिवस

विमान संध्याकाळचं. मामांनी किफुंबू बांधून दिला. बकरीही देत होत्या, पण ती बॅगेत मावेना. पुठ्ठ्याचं घड्याळ बाहेर काढल्याशिवाय बॅग बंदच होत नव्हती, म्हणून घड्याळ पुन्हा वाचनालयात ठेवायला निघाले.

दार उघडंच होतं. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. आत पुस्तकांचं नवीन खोकं आलं होतं, ते फोडून मुलं त्याच्याभोवती गोल करून बसली होती. म्वालिमू खाकी कागद कापत होती. एक मोठी मुलगी कव्हर घालत होती, कोपरे अगदी पहिल्याच पुस्तकाला नीट.

मी म्हटलं, “होडी.”

कोणी मान वर केली नाही. दुसऱ्यांदा म्हटलं. खोक्यात डोकं घातलेल्या कोणीतरी तिथूनच “कारिबू” म्हटलं आणि लगेच, आठवल्यासारखं, “शिकामो.”

“माराहाबा,” म्हटलं आणि आत जाऊन घड्याळ खिळ्याला अडकवलं.